वाहनांची शिदोरी

आपल्याकडे प्रवासाचा इतिहास लिहिणारे लोक रस्त्यांचा, घाटांचा आणि वाहनांचा इतिहास लिहितात. परंतु त्या वाहनांनीं आपली शिदोरी कोठून आणली, ती किती जड होती आणि ती वाहून नेण्यांतच त्यांची किती शक्ति खर्ची पडली, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. बैलाची शिदोरी म्हणजे कडबा व पेंड, घोड्याची म्हणजे हरभरा, आगगाडीच्या इंजिनाची म्हणजे कोळसा व पाणी. अलीकडे जी विजेची दुचाकी गल्लोगल्लीं आवाज न करितां धांवूं लागली आहे तिची शिदोरी म्हणजे बॅटरी. शिदोरी बांधतांना ती पोटास पुरावी पण खांद्यास जड होऊं नये, अशी दुहेरी इच्छा मनुष्य करितो; तशीच इच्छा बॅटरी बांधणारे शास्त्रज्ञ व कारागीर गेलीं एकशें साठांहून अधिक वर्षें करीत आले आहेत. त्या इच्छेचा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

त्यासाठीं कळंबोलीसारखें सोयीचें ठिकाण शोधूनहि सांपडणार नाहीं. सिडकोनें वसविलेली ही वसाहत आज पनवेल महानगरपालिकेच्या हद्दींत मोडते. येथील लोखंड-पोलाद बाजारांत सळया, पत्रे व तुळया यांनीं लादलेल्या मालमोटारींची रीघ असते. २००२ सालीं पुरा झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग येथूनच निघतो. उत्तरेस तळोजाची औद्योगिक वसाहत आणि दक्षिणेस जुनें पनवेल. एकीकडे टनावारी लोखंड वाहणारी मालमोटार, आणि तिच्या चाकाशेजारून जीव मुठींत धरून निघालेली, खांदेश्वर किंवा मानसरोवर स्टेशनावरून घरीं परतणाऱ्या चाकरमान्याची नाहीं तर घरोघर जिन्नस पोंचविणाऱ्या पोराची विजेची दुचाकी, असें दृश्य येथें नित्याचें आहे. त्या दुचाकीवाल्यास कोणीहि प्रथम विचारतो तें एवढेंच, "एका चार्जिंगवर किती जाते ?" प्रश्न नवा वाटतो, पण या भागांत तो फार जुना आहे.

पनवेल हें एके काळीं बंदर होतें. मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य पडावांत बसून खाडीच्या वाटेनें पनवेलीस येई, आणि तेथून बोर घाटाचा रस्ता धरी. १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, चाकांच्या गाड्या जाऊं शकतील असा रस्ता घाटांतून खुला झाला. तोंपर्यंत हमाल, पालख्या आणि लमाणांचे बैल यांवरच सारी भिस्त होती. लमाणाच्या बैलास एक मोठी सोय असे. त्याची शिदोरी त्याच्या पाठीवर नसून वाटेच्या दोन्ही अंगांस उगवलेली असे; चरत चरत तांडा पुढें सरके. वेळ लागे, पण शिदोरीचें वजन वाहावें लागत नसे. टपालाच्या गाडीस इतकी सवड कोठून असणार ? म्हणून ठरल्या टप्प्यांवर ताज्या दमाचे घोडे बांधून ठेवीत, आणि थकलेले सोडून ते जोडीत. आज शहरांतून रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेण्याचीं जीं ठाणीं निघालीं आहेत, त्यांचें मूळ या डाकेच्या घोड्यांत आहे असें म्हटल्यास ती केवळ कविकल्पना होणार नाहीं. दोन्हींतील युक्ति एकच : एका टप्प्यास पुरेल एवढीच शक्ति बरोबर घ्यावी, उरलेली वाटेवर ठेवावी.

१८६३ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी बोर घाट चढूं लागली. ज्या चढावर सदतीस फूट चालावें तेव्हां एक फूट उंच जावें, त्या चढावर वाफेच्या इंजिनास डब्यांबरोबर स्वतःच्या कोळशापाण्याचाहि भार ओढावा लागे. हा भार उतरविला तो विजेनें. टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांचें पाणी नळांतून खोपोलीस उतरवून १९१५ च्या फेब्रुवारींत वीज काढण्यास आरंभ केला, आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांस नेली. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस विजेची पहिली आगगाडी मुंबईहून कुर्ल्यास गेली. आणि १९३० सालीं सुरू झालेली 'दख्खनची राणी' विजेच्या इंजिनाच्या बळावर घाट चढून पुण्यास जाऊं लागली. या गाडीजवळ शिदोरी अशी नव्हतीच. डोक्यावरील तार हीच तिची अन्नपूर्णा.

येथें थोडें थांबून एक गणित करूं. पुढील सर्व विवेचनास तें उपयोगीं पडेल. खोपोलीस पाणी सुमारें सव्वापांचशें मीटर उंचीवरून येतें. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या एक किलो पाण्यांत किती शक्ति असेल ? गुणाकार केला असतां उत्तर येतें सुमारें १.४ वॉट-तास. एक हजार वॉट-तास म्हणजे आपल्या घरच्या बिलांतील एक 'युनिट'. अर्थात् सह्याद्रीच्या माथ्यावरून सातशें किलो पाणी खालीं सोडावें तेव्हां कोठें एक युनिट वीज मिळावयाची, आणि तीहि यंत्रांतील गळती अजिबात न धरितां. तळें जागच्या जागीं असतें म्हणून हा व्यवहार परवडतो. तळें पाठीवर बांधून हिंडतां येत नाहीं. एक किलो वजनांत किती वॉट-तास मावतात, या मापास शास्त्रज्ञ ऊर्जाघनता म्हणतात. हेंच माप कधीं वजनाऐवजीं आकारमानाशीं ताडून पाहतात, कारण सायकलीच्या सांगाड्यांत जागाहि बेताचीच असते. पाण्याचा आंकडा १.४ हा वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

ज्यास तार सोडून गल्लीबोळांत शिरावयाचें आहे त्यास शिदोरी बांधणें भागच असतें. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येईल असा पहिला विद्युत्घट सिद्ध केला. १८८१ सालीं कामीय फोर यानें त्या पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन त्यांत पुष्कळच अधिक वीज सांठविण्याची रीति काढली. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें ग्युस्ताव्ह त्रूव्हे यानें तीनचाकी सायकलीस मोटार व बॅटरी जोडून ती भर रस्त्यांत चालवून दाखविली. अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन नांवाच्या गृहस्थानें १८९५ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशीं विजेच्या सायकलीचें पेटंट मिळविलें. त्याच्या नकाशांत मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यांत बसविलेली असून बॅटरी सांगाड्याच्या मधोमध टांगलेली आहे. आज पुण्यामुंबईच्या दुकानांत जी विजेची सायकल मिळते तिची मांडणी बहुधा हीच असते. म्हणजे वाहन सव्वाशें वर्षांपूर्वींच कल्पनेंत पुरें तयार होतें. वाट पाहावी लागली ती केवळ शिदोरीची.

त्या काळीं विजेच्या गाडीचा बोलबाला कमी नव्हता. १८९९ सालीं कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाची विजेची मोटार तासास शंभर किलोमीटरांपलीकडे गेली. भूमीवरील कोणतीहि मोटार तोंवर इतक्या वेगानें धांवली नव्हती. १९०० सालीं अमेरिकेंत तयार झालेल्या चार हजारांवर मोटारींत दीड हजारांहून अधिक विजेच्या होत्या, आणि पेट्रोलच्या हजारांहूनहि कमी. मग डाव उलटला कसा ? उत्तर ऊर्जाघनतेंत आहे. शिशाच्या बॅटरींत किलोमागें तीस ते चाळीस वॉट-तास मावतात, तर पेट्रोलांत बारा हजारांच्या वर. पेट्रोलचें इंजिन त्यांतील तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनहि अधिक भाग उष्णतेच्या रूपानें उधळून टाकतें हें खरें. परंतु ज्याच्या घरीं बारा हजारांची मिळकत आहे त्यास अशी उधळपट्टी सोसते. पेट्रोलच्या गाडीस एकच मोठी अडचण होती : सकाळीं हँडल मारून ती चालू करावी लागे, आणि त्या खटपटींत पुष्कळांचे हात मोडत. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग याच्या युक्तीनें कॅडिलॅक मोटारीस विजेचा स्टार्टर लागला आणि ही अडचण नाहींशी झाली. स्टार्टर चाले शिशाच्या बॅटरीवर ! प्रतिस्पर्ध्याचा उरलासुरला दोष बॅटरीनेंच दूर केला, आणि जी गाडीची धनीण व्हावयाची तिनें इंजिनास पहांटे उठविण्याची चाकरी पत्करली. यंत्रांच्या इतिहासांत इतका विलक्षण विपर्यास दुसरा आमच्या पाहण्यांत नाहीं.

हिंदुस्थानांत या चाकरीच्या बॅटऱ्या प्रथम विलायतेहून येत. क्लोराइड कंपनीनें १९१६ पासून येथें आयातीचा व्यापार चालविला. पुढें बंगालमध्यें शामनगरास कारखाना निघाला, आणि १९६९ सालीं पुण्याजवळ चिंचवडास दुसरा. तीच कंपनी आतां एक्साइड या नांवानें ओळखली जाते. कळंबोलीच्या शेजारच्या तळोजांत स्टँडर्ड बॅटरीज या कंपनीचा कारखाना होता; तो १९९८ सालीं एक्साइडकडे आला. शिशाच्या बॅटरीशीं कळंबोलीचा संबंध असा शेजारधर्माचा आहे. शिवाय तेथें उभ्या असलेल्या प्रत्येक मालमोटारीच्या कुशींत लोखंडी पेटींत बसलेली एखादी तरी शिशाची बॅटरी असतेच.

शिशास हंसण्याची हल्लीं चाल पडली आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. शिशाची बॅटरी स्वस्त, सोशिक, आणि दुरुस्तीवाल्याच्या ओळखीची. ती मेली तरी तिचें मोल उरतें; दुकानदार जुनी घेऊन नव्या बॅटरीच्या किमतींत सूट देतो, आणि तिचें शिसें वितळून पुन्हां नव्या बॅटरींत जातें. तिचा दोष एकच, पण तोच दुचाकीच्या मुळावर येणारा. एक युनिट वीज सांठविणारी शिशाची बॅटरी तीस किलोच्या आसपास भरते. या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत आपल्या शहरांतून ज्या विजेच्या स्कूटरी विकल्या गेल्या त्यांपैकीं पुष्कळींत अशाच बॅटऱ्या होत्या. तीस किलो म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचें वजन. स्कूटर घेणारा गृहस्थ असा एक मुलगा कायमचा मागें बसवून हिंडत असे, आणि चढ आला कीं त्या मुलाचा भार त्यास कळून येई. त्यांतून शिशाचा स्वभाव असा कीं, त्याजकडून घाईनें काम घेतलें तर तें ठरल्याहून कमी देतें. म्हणजे घाटांत, जेथें शक्ति सर्वांत अधिक हवी, तेथेंच तें हात आंखडतें. त्या गाड्या लवकरच कोपऱ्यांत पडल्या यांत नवल नाहीं.

लिथियम हा सर्व धातूंत हलका धातु. पाण्यापेक्षांहि निम्म्या वजनाचा. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं एक्सॉन या तेलाच्या कंपनींत त्याची पुन्हां भरतां येणारी बॅटरी सिद्ध केली. तेलाच्या कंपनीनें बॅटरीच्या संशोधनास पैसा पुरवावा हाहि एक योगच. १९८० सालीं ऑक्सफर्डमध्यें जॉन गुडइनफ यांनीं कोबाल्टच्या प्राणिदाचा उपयोग दाखवून दिला. १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यांनीं लिथियम धातूच्या जागीं कर्बाचा पदार्थ वापरून बॅटरी निर्धोक होईल अशी जुळणी केली. आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली. या तिघांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां गुडइनफ यांचें वय सत्त्याण्णव वर्षांचें होतें. सोनीची बॅटरी गाडीसाठीं नव्हतीच. ती हातांत धरावयाच्या चलच्चित्र-कॅमेऱ्यासाठीं होती. त्या पहिल्या घटांत किलोमागें ऐंशीच्या आसपास वॉट-तास मावत. आजच्या उत्तम घटांत अडीचशें. प्लान्तेपासून आजपर्यंत धरलें तर शिदोरी सहासातपट हलकी झाली आहे. एकशें साठांहून अधिक वर्षांच्या उद्योगाचें हें फळ कोणास अल्प वाटेल; परंतु दुचाकीस तेवढें पुरेसें होतें.

आतां आकाराकडे वळूं, कारण नव्या बॅटऱ्यांच्या जाहिराती बहुधा आकारावरच चालतात. सायकलीच्या बॅटरीची पेटी उघडली तर तिच्या आंत लहान लहान नळकांडीं रांगेनें बसविलेलीं दिसतात. यांस बाजारांत सेल म्हणतात. पुष्कळ वर्षें प्रचारांत असलेलें नळकांडें अठरा मिलिमीटर व्यासाचें व पासष्ट मिलिमीटर लांबीचें. त्याचें नांवहि या मापांवरूनच '१८६५०' असें पडलें आहे. नव्यांत व्यास एकवीस व लांबी सत्तर मिलिमीटर. म्हणून तें '२१७००'. पहिल्याच्या उत्तम नमुन्यांत साडेतीन अँपिअर-तास वीज मावते, दुसऱ्यांत पांच. विक्रेता म्हणतो, "नव्या सेलमध्यें चाळीस टक्के वीज जास्त." त्याचें म्हणणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. शाळेंतील घनफळाचें सूत्र ज्यांस आठवत असेल त्यांनीं तें येथें लावून पाहावें. जुन्या नळकांड्याचें घनफळ सुमारें साडेसोळा घन सेंटिमीटर, नव्याचें सुमारें सव्वाचोवीस. म्हणजे आकार सत्तेचाळीस टक्के वाढला आणि वीज त्रेचाळीस. घनता जेथल्या तेथेंच राहिली, किंबहुना केसभर कमीच झाली ! मोठ्या वाटींत अधिक आमटी मावते, म्हणून आमटी अधिक दाट झाली असें कोणी म्हणत नाहीं.

तथापि नव्या आकाराचा खरा लाभ दुसरीकडे आहे. छत्तीस व्होल्टांची, पांचशें वॉट-तासांची बॅटरी बांधावयास जुनीं चाळीस नळकांडीं लागत. नवीं तीस पुरतात. नळकांडीं कमी म्हणजे सांधे कमी, आणि सांधा कमी म्हणजे आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर निखळण्याचें भय कमी. त्या चाळीस नळकांड्यांचें वजन दोन किलोंच्या आंत, आणि घनफळ पाऊण लिटरहूनहि कमी. पाण्याच्या एका तांब्याएवढ्या जागेंत अर्धें युनिट वीज ! पेटी, तारा व विजेवर देखरेख ठेवणारी पट्टी धरून सारें ओझें तीन किलोंच्या आसपास जातें. एवढ्याच विजेसाठीं शिसें पंधरा किलो लागलें असतें.

या आंकड्यांचा अर्थ घाटावर उतरवून पाहूं. द्रुतगति मार्गावर दुचाकीस बंदी आहे, म्हणून आपला सायकलस्वार जुन्या रस्त्यानें खोपोलीहून खंडाळ्यास निघाला असें समजूं. स्वार व सायकल मिळून शंभर किलो, आणि चढण सुमारें पांचशें मीटर. केवळ उंची गांठण्यास सुमारें एकशें छत्तीस वॉट-तास लागतात. वारा, चाकांचें घर्षण आणि मोटारींतील गळती धरून अडीचशें पुरे होतील, आणि तेंहि त्यानें पायडल अजिबात मारलें नाहीं तर. म्हणजे दीड किलोची लिथियमची बॅटरी त्यास घाट चढवून देते. शिशाची सात किलोंहून अधिक लागली असती. आणि आमचें जुनें परिमाण घेतलें तर, खोपोलीच्या नळांतून पावणेदोनशें किलो पाणी खालीं यावें तेव्हां एक मनुष्य सायकलीवर बसून त्या नळाच्या उगमापाशीं पोंचावा ! पेट्रोलचा हिशेब लपविण्यांत अर्थ नाहीं. त्याच कामास पेट्रोल शंभर ग्रॅमांच्या आंतच लागतें. वजनाच्या शर्यतींत पेट्रोल आजहि पुढेंच आहे. परंतु दुचाकीच्या बाबतींत ही शर्यत अटीतटीची राहिलेली नाहीं. दीड किलोचें ओझें कोणास जड नाहीं. चाळीस टनांच्या मालमोटारीस मात्र तोच प्रश्न अजून छळतो, आणि म्हणूनच कळंबोलीच्या नाक्यावर दुचाकी विजेवर गेली तरी मालमोटार डिझेलवर राहिली आहे.

कोणी म्हणेल कीं, मग घनता वाढवीत जावें हेंच श्रेयस्कर. येथें आमचा मतभेद आहे. ऊर्जा दाटीनें कोंडणें आणि आग दाटीनें कोंडणें या दोन भिन्न गोष्टी नव्हेत. निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांच्या प्राणिदांचे जे अतिघन घट आहेत ते प्रमाणाबाहेर तापले म्हणजे त्यांच्या द्रव्यांतूनच प्राणवायु सुटूं लागतो. त्यामुळें वरून माती टाकून ती आग कोंडतां येत नाहीं, आणि एक घट पेटला कीं शेजारचाहि पेटतो. २०२२ च्या मार्चांत पुण्यास लोहगाव भागांत रस्त्याकडेस उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, तें चित्र देशभर पाहिलें गेलें. त्या उन्हाळ्यांत अशा घटना अनेक ठिकाणीं घडल्या, आणि सरकारास बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक करावे लागले. डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले.

दुसरा एक लिथियमचा घट आहे. १९९६-९७ च्या सुमारास गुडइनफ यांच्याच टेक्सासमधील प्रयोगशाळेंत, अक्षय पाढी या भारतीय वंशाच्या संशोधकाच्या हातून, लोह व स्फुरद यांच्या संयुगाचा उपयोग सिद्ध झाला. या संयुगांत प्राणवायु स्फुरदाशीं इतका घट्ट बांधलेला असतो कीं, तापल्यावरहि तो सहजीं सुटत नाहीं. घट टिकतोहि अधिक. किलोमागें वॉट-तास मात्र एकशें साठच्या आसपास, म्हणजे अतिघन घटाच्या जेमतेम दोन-तृतीयांश. जाहिरातींत हा आंकडा फिका दिसतो. परंतु आमच्या मतें आपल्याकडच्या दुचाकीस हाच घट योग्य. कळंबोलींतील मनुष्याचें जाणें-येणें दिवसास पनवेल, तळोजा, फार तर बेलापूर. त्यास अधिक लागणारें एक किलो वजन जाणवणारहि नाहीं. उलट त्याची बॅटरी रात्रीं कोठें भरली जाते तें पाहावें. पुष्कळ इमारतींत तळमजल्यास सोय नसते. म्हणून बॅटरी काढून जिन्यानें वर नेतात, आणि स्वयंपाकघरांत, गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर, नाहीं तर मुलें निजतात त्या खोलींत ती भरावयास लावतात. सखल वसाहतींत पावसाळ्यांत पाणी सांचतें, उन्हाळ्यांत गाड्या उघड्यावर तापतात. जी वस्तु रात्रभर मुलांच्या उशापाशीं राहणार तिची परीक्षा केवळ किलोमागें किती वॉट-तास या एका मापानें करणें आम्हांस धाडसाचें वाटतें. दुकानांत गेलेल्या गृहस्थानें 'किती जाते' हें विचारावें, पण त्याआधीं 'आंत कोणता सेल आहे' हें विचारावें. आम्हीं स्वतः दोन-तीन दुकानांत हा प्रश्न विचारून पाहिला. एका विक्रेत्यानें आम्हांस रंगांची यादी दाखविली.

आकाराच्या या हांवेस सरकारी धोरणानेंहि हातभार लावला आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारच्या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यांत शिशाच्या बॅटरीस अनुदानांतून वगळलें गेलें हें ठीकच झालें. पण दुचाकीस जें अनुदान ठरलें तें बॅटरीच्या युनिटामागें दहा हजार रुपये असें. २०२१ च्या जूनमध्यें तें पंधरा हजार झालें, २०२३ च्या जूनमध्यें पुन्हां दहा हजारांवर आलें. महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या धोरणांतहि दुचाकीस युनिटामागें पांच हजार, कमाल दहा हजार, असाच हिशेब होता. शिदोरी जितकी मोठी तितकें बक्षीस मोठें. मग हलकें वाहन करून थोडक्या विजेंत अधिक अंतर जाण्याची खटपट कोण करणार? याउलट कायद्यानें एक लहान वाट मोकळी ठेवली आहे. ज्या विजेच्या गाडीची मोटार अडीचशें वॉटांच्या आंत आणि वेग तासास पंचवीस किलोमीटरांच्या आंत, ती कायद्याच्या दृष्टीनें मोटारगाडी नव्हेच. तिला नोंदणी नको कीं परवाना नको. विजेची सायकल जगली ती या सवलतीच्या आश्रयानें.

आमच्या पिढींतील वाचकांस दोन नांवें येथें आठवल्याशिवाय राहणार नाहींत. १९७२ सालीं बजाजांची चेतक आणि फिरोदियांची लूना या दोन्ही गाड्या महाराष्ट्रांतून निघाल्या. एक मध्यमवर्गीय गृहस्थाची, दुसरी कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींची व किरकोळ फेरीवाल्याची. दोन्ही आतां विजेच्या रूपानें परत आल्या आहेत. २०२० च्या आरंभीं आलेल्या चेतकेची बॅटरी तीन युनिटांची, तर २०२४ च्या फेब्रुवारींत आलेल्या लूनेची दोन युनिटांची. चेतकेचें धूड पत्र्याचें व भारदस्त. लूना पूर्वींसारखीच उघडीवाघडी व सडपातळ. लूनेचा अंगलोट हाच तिच्या लहान शिदोरीचा खुलासा आहे, आणि या बाबतींत आमचा कल तिच्याकडे आहे हें आम्ही लपवीत नाहीं.

आपण बॅटऱ्या बांधतों. पण त्यांच्या आंतील लिथियमचे घट अजून बहुतांशीं परदेशांतून, मुख्यत्वें चीनमधून, येतात. पेटी आपली, आंतला दाणा परक्याचा, असा हा संसार आहे. या दृष्टीनें पुण्यांतील एक प्रयत्न लक्ष देण्याजोगा आहे. २०२३ च्या डिसेंबरांत केपीआयटी या पुण्याच्या कंपनीनें, तेथीलच आयसर या संशोधनसंस्थेच्या साहाय्यानें, लिथियमऐवजीं सोडियम वापरणारी बॅटरी सिद्ध केल्याचें जाहीर केलें. किलोमागें शंभर ते एकशें सत्तर वॉट-तास असा तिचा आंकडा सांगण्यांत आला. सोडियम म्हणजे आपल्या मिठांतील धातु. पनवेल-उरणच्या खाजणांतील आगरांत ज्याच्या राशी उन्हांत चमकत असत तेंच मीठ. प्रयोगशाळेंतील वस्तु बाजारांत येईपर्यंत पुष्कळ पाणी वाहून जातें, तेव्हां तिच्याविषयीं आतांच अधिक बोलणें उताविळपणाचें होईल.

मेलेल्या बॅटरीचा प्रश्न मात्र आजचाच आहे. तळोजाच्या शिशाच्या बॅटरीस मरणानंतरची वाट ठाऊक असते. भंगारवाला तिला दारावरून पैसे देऊन नेतो. लिथियमच्या पेटीस तो अजून हात लावावयास भितो, आणि लावलाच तर ती हातोडीनें फोडूं पाहतो, जें सर्वांत घातक. २०२२ च्या ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें केलेल्या नियमांन्वयें अशी पेटी परत गोळा करून तिच्यांतील द्रव्यें काढून घेण्याची जबाबदारी ती बाजारांत आणणाऱ्या उत्पादकावर टाकली आहे. नवी दुचाकी घेतांना जुनी पेटी कोठें परत द्यावयाची तो पत्ता विक्रेत्याकडून पावतीवरच लिहून घ्यावा. पांच-सात वर्षांनीं तो शोधण्याची पाळी प्रत्येकावर येणार आहे.